तारीख आधी कळू द्या : संसार सांभाळून पदवीला येणाऱ्यांसाठी खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू, मा. कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळांचे संचालक आणि महाविद्यालयांचे प्राचार्य यांस

विषय : घर, नोकरी, शेती सांभाळून पदवीला प्रवेश घेणाऱ्यांचे प्रवेश, तासिका आणि परीक्षा

सप्रेम नमस्कार.

आम्ही दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रांवरचे समंत्रक (विषय शिकवणारे), केंद्रसहायक आणि प्रवेशाच्या खिडकीवर बसणारे लिपिक. पस्तिशी-चाळिशीत पुन्हा वही उघडणारी माणसे सगळ्यात आधी आमच्यासमोर येऊन उभी राहतात. अभ्यास अवघड आहे का, असे त्यांच्यातले फार थोडे विचारतात. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो : "यावं कधी कधी लागेल?" या प्रश्नाला आज आमच्याकडे धड उत्तर नाही, कारण ते आपल्याकडून आम्हाला मिळत नाही. हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

आपल्या कागदपत्रांत या विद्यार्थ्यांना बरे नावही नाही. 'प्रौढ' म्हटले की पाटी आणि अंगठा डोळ्यांपुढे येतो. 'बहिःस्थ' म्हणजे बाहेरचा. खिडकीवर तर सर्रास 'गॅपवाले' म्हणतात. ती मधली वर्षे रिकामी नव्हती. कुणाची बाळंतपणात गेली, कुणाची वडिलांच्या आजारात, कुणाची एमआयडीसीतल्या पाळ्यांत. आम्ही या पत्रापुरते त्यांना संसारी विद्यार्थी म्हणतो.

महाराष्ट्राला हे विद्यार्थी नवे नाहीत. मोठ्या वयाच्या बायकांना शिकवायला पुण्यात सेवासदन निघाले ते १९०९ साली. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ चे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन उभे राहिले. प्रवेशाची सोय करण्यात आपले राज्य मागे राहिलेले नाही. अडते ते प्रवेश मिळाल्यानंतर, आणि बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबावर.

तो हिशेब आधी मांडतो. पदवीचा अभ्यास श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) मोजतात. दूरशिक्षणात १ श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. सत्राला २० श्रेयांक धरले तर ६०० तास होतात. पूर्ण २६ आठवडे हाताशी असतील तर आठवड्याला साधारण २३ तास, रोजचे सव्वातीन. पहाटे दीड तास, दुपारी तासभर, रात्री भांडी झाल्यावर पाऊण तास. कष्टाचे आहे, पण जमण्यासारखे आहे. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. प्रवेश जुलैत सुरू होतात. मग मुदतवाढ, मग विलंब शुल्कासह मुदतवाढ, मग शेवटची मुदतवाढ. सप्टेंबरच्या अखेरीस प्रवेश घेतलेल्या माणसाची परीक्षा जानेवारीच्या सुरुवातीला आली, तर हातात जेमतेम १५ आठवडे उरतात. ६०० तासांना १५ ने भागले की आठवड्याला ४० तास, म्हणजे रोजचे पावणेसहा. ही दुसरी पूर्णवेळ नोकरीच झाली. मुदतवाढ देताना आपल्याला वाटते की आपण उपकार करतो आहोत. ज्याच्या दिवसात आधीच चौदा तासांचे काम आहे त्याला आपण त्या दिवशी नापास होण्याच्या वाटेवर उभे करतो, आणि हे त्याला कुणी सांगत नाही. तो समजतो, आपल्यालाच झेपले नाही, वय झाले.

म्हणून पहिली मागणी : माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर, कुलगुरूंच्या छायाचित्राच्याही आधी, दोन ओळी छापा. 'या शिक्षणक्रमाला सत्राला इतके तास अभ्यास लागतो. आज प्रवेश घेतलात तर परीक्षेपर्यंत इतके आठवडे आहेत.' दुसरी ओळ दर मुदतवाढीला बदलावी लागेल. बदला. संकेतस्थळावर तारीख बदलता, तसा आठवड्यांचा आकडाही बदलता येतो.

आणि उशिरा आलेल्याला अर्धे ओझे उचलू द्या. दहा श्रेयांक घेतले की तेच १५ आठवडे आठवड्याला २० तासांत भागतात. कमी वेगाने पदवी करण्याची कल्पना आता नियमांच्या बाहेरची राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमित पदवीसाठी, सत्राला कमी श्रेयांक घेऊन पदवी लांबवण्याचा पर्याय दिला आहे. पण तो मागायचा पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी, समितीपुढे, आणि लांबवता येतात फार तर दोन सत्रे. संसारी विद्यार्थ्याला आपली ऐपत पहिल्याच दिवशी माहीत असते. घरात कोण आजारी आहे, धाकटे मूल किती वर्षांचे आहे, पाळी कोणती आहे, हे त्याला समितीने सांगायची गरज नाही. प्रवेश अर्जातच एक चौकोन ठेवा : 'पूर्ण श्रेयांक' किंवा 'निम्मे श्रेयांक'. आपल्या अधिकारात जेवढे बसते तेवढे करा, आणि बसत नाही त्यासाठी विद्या परिषदेचा ठराव करून आयोगाला कळवा.

याच्याच जोडीला एक गोष्ट, जी नियमात आहे पण खिडकीवर कुणी उच्चारत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक मिळवून, शिवाय सुट्टीतला ४ श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करून, विद्यार्थ्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. ३ वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण ७ वर्षांत पदवी पुरी करता येते. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून प्रवेश रद्द करायला आलेल्या बाईला आज आम्ही काय देतो? रद्द करण्याचा अर्ज. तिला द्यायला हवा तो या तरतुदीचा अर्ध्या पानाचा मराठी मजकूर आणि परत येण्याची शेवटची तारीख, कार्यालयाच्या शिक्क्यासह.

आता प्रवेशाच्या टेबलावर काय होते ते जरा जवळून सांगतो, कारण तिथली चूक तीन वर्षांनी उगवते.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी माहेरचे आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव. तीन शब्दांतला एकच जुळतो. लग्नात ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहिले असेल तर तोही जुळत नाही. दूरशिक्षणासाठी आधी श्रेयांक पेढीचे, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जमा राहतात ते ऑनलाइन खाते काढावे लागते, ते आधारवरून निघते. २०२४ पासून त्याच्या जोडीला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी लागतो, तो त्या खात्याला जोडलेला. आणि विद्यापीठाचा अर्ज म्हणतो, 'नाव गुणपत्रिकेप्रमाणे भरा.' म्हणजे एका बाईची दोन नावे दोन ठिकाणी, दोन्ही खरी. संगणकाला ती दोन माणसे वाटतात. इंग्रजी स्पेलिंगची भर वेगळीच : एका कागदावर संगीता 'आय'ने, दुसऱ्यावर 'डबल ई'ने. अर्ज त्या दिवशी कसाबसा पुढे सरकतो. श्रेयांक जमा करताना नाव जुळत नाही, आणि हे कळते शेवटच्या वर्षाला, पदवी प्रमाणपत्राच्या वेळी. तोवर आधीची गुणपत्रके छापून झालेली असतात. ती दुरुस्त करायची म्हणजे प्रत्येक सत्राचा वेगळा अर्ज, वेगळे शुल्क आणि मुख्यालयाच्या चकरा.

आम्ही विद्यार्थिनींना जो क्रम सांगतो तो असा. पदवी नोकरीसाठी किंवा पदोन्नतीसाठी हवी असेल तर आधी एकच नाव पक्के करा. लग्नाची नोंद झालेली नसेल तर ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत उशिरानेही होते, साक्षीदार तीन लागतात. मग राजपत्रात नावबदल, मग आधार, मग श्रेयांक खाते, मग डीईबी आयडी, आणि सगळ्यात शेवटी विद्यापीठाचा अर्ज. उलट क्रमाने गेले की प्रत्येक पायरी दोनदा चढावी लागते. पण हा क्रम नीट पाळायला काही आठवडे जातात, आणि प्रवेशाची जाहिरात येते तेव्हा हातात पंधरा दिवस असतात. हे मार्च-एप्रिलमध्येच सांगितले गेले पाहिजे, गावातल्या बचतगटांच्या बैठकीत, अंगणवाडीत, एसटी स्टँडवरच्या फलकावर. आपल्याकडून इतकेच हवे की अर्जात नावाचे दोन रकाने ठेवा, 'गुणपत्रिकेवरील नाव' आणि 'आधारवरील नाव', आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडले की दोन्ही एकाच व्यक्तीची मानून पुढे जा. शेवटच्या वर्षी उपटणारा गोंधळ पहिल्या दिवशी मिटतो.

दुसरी अडचण ओटीपीची. घरातल्या बाईच्या आधारला बहुतेक वेळा नवऱ्याचा मोबाईल क्रमांक जोडलेला असतो. तो कंपनीत पहिल्या पाळीला, आणि बऱ्याच कंपन्यांत फोन फाटकावर जमा करावा लागतो. ही इथे टेबलासमोर बसलेली, ओटीपी तिकडे कपाटात. काही मिनिटांत तो बाद होतो. तीन वेळा चुकला की संकेतस्थळ काही काळ दार लावून घेते. ती लेकराला घेऊन आलेली असते, परतीची गाडी तीनची असते. म्हणजे आणखी एक दिवस गेला. 'येताना आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणा किंवा आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घ्या' हे वाक्य जाहिरातीत ठळक अक्षरांत का नसते, हे आम्हाला कळत नाही.

शिक्षणातील खंडाबद्दल प्रतिज्ञापत्र मागण्याचा आग्रहही सोडा. कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक नसेल तिथे स्वयंघोषणापत्र पुरे, असे राज्य शासनाने २०१५ सालीच ठरवले आहे. तरी कित्येक कार्यालये अजून मुद्रांक आणि नोटरी मागतात. साध्या कागदावर 'अमुक साली बारावी, त्यानंतर घरगुती कारणाने शिक्षण थांबले, या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नाही' एवढे तीन ओळींत लिहून सही घेतली की काम होते. शेकडो रुपये आणि कोर्टाच्या आवारातला अर्धा दिवस वाचतो.

आता तासिकांकडे येतो. कला-वाणिज्यचे वर्ग पुष्कळ महाविद्यालयांत सकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होतात. नोकरदारांची सोय म्हणून ही वेळ पूर्वी बरी होती, मुलांची शाळाही सकाळचीच असे. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासनाचा निर्णय आहे. लहान मुलांच्या झोपेसाठी तो चांगलाच आहे. पण दुसरीतल्या मुलाच्या आईने साडेसातच्या तासाला बसायचे तर मुलाला उठवणार कोण, डबा भरणार कोण, रिक्षात बसवणार कोण? शिक्षण खात्याने एक घड्याळ फिरवले, उच्च शिक्षणाने आपले पाहिलेच नाही. पहिल्या दोन तासिकांत ऐच्छिक विषय किंवा ग्रंथालयाचा वेळ ठेवून मुख्य विषय दहानंतर घेतले, तर फारसे काही मोडत नाही. ज्या महाविद्यालयात संसारी विद्यार्थी मूठभर आहेत तिथे किमान मुख्य विषयाची तासिका दिवसाच्या शेवटी ठेवा.

७५ टक्के उपस्थितीचा नियम घ्या. सत्राचे ९० दिवस धरले तर २२ दिवस गैरहजर राहता येते. पावसाळ्यात मुलाला दोनदा ताप आला की सहा दिवस. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, आठवडा. गौरी-गणपती, चार दिवस. एक लग्न, एक तेरावे. बावीस कधी संपले ते कळतही नाही, आणि अजून त्या बाईने स्वतःच्या आजारपणासाठी एकही दिवस घेतलेला नाही. आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व विद्यापीठांना कळवले होते की विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेचे आणि उपस्थितीतील सवलतीचे नियम करा, पदवी आणि पदव्युत्तर स्तरावरही. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठांत विद्यार्थिनींना ६० दिवसांपर्यंत प्रसूती रजा लागू केली. आपल्या विद्यापीठाने त्या पत्रावर काय केले, हे प्रत्येक कुलसचिवांनी कृपया एकदा फाईल काढून पाहावे. नियम झाला असेल तर तो खिडकीवर लावा. आम्हाला तो माहीत नसेल तर विद्यार्थिनीला कसा माहीत असणार?

उपस्थिती माफ करा असे आम्ही म्हणत नाही. वर्गात बसण्याने जे मिळते ते या माणसांना इतरांपेक्षा जास्तच हवे असते, पहिल्या बाकावर तीच बसतात. चुकलेल्या तासाच्या बदल्यात काय करायचे ते आधी ठरवून द्या. एका तासिकेला एक पानाचे टिपण आणि दोन प्रश्नांची उत्तरे, आठवड्याच्या आत. शिक्षकाला तपासायला पाच मिनिटे लागतात, आणि अभ्यास खरोखर होतो.

कारखान्यातल्या माणसाची गोष्ट वेगळी. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी अकरा ते सात, आणि पाळी आठवड्याला फिरते. ठरलेल्या वेळेचा तास त्याला फार तर तीन आठवड्यांतून दोनदा मिळतो. तोच भाग आठवड्यात दोनदा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घेतला, तर कोणत्याही पाळीच्या आठवड्यात त्याला दोन्हींपैकी एक तास मिळतो. तिसऱ्या पाळीनंतर सकाळी नऊला वर्गात बसलेला माणूस झोपतो. त्याला त्याबद्दल बोलू नका.

रविवारबद्दल मात्र आपला आणि आमचाही मोठा गैरसमज होता. संपर्कसत्रे, म्हणजे अभ्यासकेंद्रावरचे वर्ग, रविवारी ठेवली की सगळ्यांची सोय झाली, असे धरून चालतात. नोकरदार पुरुषाची होते. घर चालवणाऱ्या बाईचा रविवार हा आठवड्यातला सगळ्यात जड दिवस. सगळे घरी, नाश्ता उशिरा, जेवण उशिरा, आठवड्याचे धुणे, कुणीतरी पाहुणे, आणि पुष्कळ गावांत बाजारही त्याच दिवशी. नळाला पाणी एक दिवसाआड येत असेल आणि ते रविवारी आले तर ती दहाच्या आधी घराबाहेर पडूच शकत नाही. दहा ते पाचच्या सत्राला ती साडेअकराला पोचते आणि तीनला निघते. हजेरीपटावर अर्धा दिवस लागतो, आणि नेमका गृहपाठ कसा लिहायचा तो तास दहा वाजता होऊन गेलेला असतो. आमची सूचना साधी आहे. केंद्राने प्रवेशावेळी प्रत्येकाला विचारावे : तुमचा आठवड्यातला मोकळा अर्धा दिवस कोणता? पुष्कळ गृहिणी मंगळवार ते गुरुवार दुपारी बारा ते तीन सांगतात. मग एक तुकडी रविवारची आणि एक बुधवार दुपारची करा. वर्गखोली त्या वेळी रिकामी असतेच. आणि रविवारी जे सगळ्यात महत्त्वाचे ते साडेअकरा ते अडीचमध्ये घ्या.

पदवीच्या नव्या आराखड्यात कार्यप्रशिक्षण, म्हणजे एखाद्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करून शिकणे, आले आहे. ४ श्रेयांक म्हणजे १२० तास. वीस वर्षांच्या मुलाला ते आवश्यक आहे. दहा वर्षे पतसंस्थेत रोखपाल असलेल्या माणसाला १२० तास दुसऱ्याच्या कार्यालयात बसवून काय शिकवायचे आहे? २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवातून मिळालेल्या शिक्षणाचे मूल्यमापन करून श्रेयांक देता येतात. त्याने आपल्याच कामावर एक प्रकल्प अहवाल लिहावा, तोंडी परीक्षा द्यावी, श्रेयांक घ्यावेत. अंगणवाडी सेविकेच्या नोंदवह्यांत बालविकासाचे जेवढे साहित्य असते तेवढे पुष्कळ प्रकल्पांत नसते.

गृहपाठाबद्दल एक बारीक पण रोज नडणारी गोष्ट. हाताने लिहून, मोबाईलवर फोटो काढून, पीडीएफ करून चढवायचा असतो. एका फोटोचे वजन ३-४ एमबी, दहा पानांचे ३०-४० एमबी. संकेतस्थळाची मर्यादा त्याच्या कितीतरी खाली असते. चढत नाही, चाक फिरत राहते, रात्री बारा वाजता मुदत संपते. सायबर कॅफेवाला पानाला पैसे घेऊन करून देतो. खरे तर स्कॅनरचे कुठलेही ॲप घेऊन, पान खिडकीच्या उजेडात ठेवून, रंगीत न काढता काळे-पांढरे काढले की तीच दहा पाने बहुधा २-३ एमबीत बसतात. हे शिकवायला वीस मिनिटे लागतात. पहिल्या संपर्कसत्रात पहिली वीस मिनिटे यालाच द्या, प्रास्ताविक आणि सत्कार नंतर.

तसाच हात. पंधरा वर्षे फक्त सही करणाऱ्या हाताला तीन तास लिहिता येत नाही. दुसऱ्या तासाला बोटे आखडतात, अक्षर मोडते, येत असलेला प्रश्न सुटतो. याला हुशारी कामाची नाही, सराव लागतो. पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटे सलग, दर आठवड्याला दहा मिनिटे वाढवत गेले की दहा आठवड्यांत दोन तासांच्या जवळ पोचता येते. त्यानंतर घड्याळ लावून दोन पूर्ण पेपर. केंद्रांनी हा सराव सत्राच्या सुरुवातीलाच सुरू करावा. परीक्षेच्या आदल्या रविवारी 'सराव परीक्षा' घेऊन उपयोग होत नाही.

आता परीक्षा. सगळ्यात जास्त माणसे इथे गळतात, आणि ती अभ्यासामुळे गळत नाहीत. वेळापत्रक आठवडाभर आधी येते, प्रवेशपत्र दोन-तीन दिवस आधी, केंद्र कोणते हे प्रवेशपत्र उघडल्यावर कळते, आणि मग एखादा पेपर पुढे गेल्याचा निरोप रात्री व्हॉट्सॲपवर येतो. कारखान्यात रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि त्याला शिक्क्याचे वेळापत्रक जोडावे लागते. व्हॉट्सॲपचा निरोप तिथे चालत नाही. गृहिणीला नणंदेला किंवा आईला बोलावून घ्यायचे असते, तिच्याही घरी काम असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातल्या मुलाची दहावी-बारावी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई. या राज्यात असा एकही महिना नाही ज्यात संसारी माणसाला काही काम नाही, आणि तसा महिना शोधा असे आम्ही म्हणतही नाही. तारीख चाळीस दिवस आधी कळली तर माणूस काढणीची मजूर बाई सांगून ठेवतो, रजा टाकतो, पाहुण्यांना पुढची तारीख देतो. आठ दिवस आधी कळली तर तो पेपर सोडतो.

पेपर दुपारी दोन ते पाच ठेवताना शेवटची एसटी कितीची आहे ते पाहा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मे तिकीट आहे, त्याने खूप सोय झाली, पण गाडीच नसेल तर तिकिटाचे काय करायचे. तालुक्याच्या गावाहून आडबाजूला जाणारी शेवटची गाडी अनेकदा साडेपाच-सहाची असते. सहा पेपर अठरा दिवसांत पसरले की तेवढे दिवस घर आणि काम अडकून पडते. सकाळी अकरा ते दोन, एका आठवड्यात तीन पेपर आणि पुढच्या आठवड्यात तीन, मध्ये एक-एक दिवस मोकळा, ही मांडणी आम्ही पाहिली त्यांतली सगळ्यात सोसवणारी. परीक्षा केंद्रावर एक खोली अशी असू द्या जिथे आजी बाळाला घेऊन बसू शकेल. पंखा आणि प्यायचे पाणी, एवढेच. पेपर लिहिताना दाराबाहेर उन्हात बसलेले बाळ रडत असेल तर आईला तिसरा प्रश्न सुचत नाही.

पैशाचे थोडक्यात. शुल्क भरायची वेळ आणि मुलांच्या शाळेची फी, बियाणे, खत, सगळे जून-जुलैतच येते. दोन हप्ते द्या. मुलींच्या मोफत उच्च शिक्षणाचा जुलै २०२४ चा शासन निर्णय केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. दूरशिक्षणातून बी.ए. करायला आलेली बाई मात्र "आता फी नाही ना?" असे विचारत येते. तिला तिथे उभ्या उभ्या नाही म्हणायची वेळ आमच्यावर आणू नका, जाहिरातीतच लिहा. आणि 'एका वर्षात पदवी' विकणाऱ्या दलालांचे गिऱ्हाईक हीच माणसे असतात, कारण त्यांना वेळ नसतो. कोणता शिक्षणक्रम कोणत्या विद्यापीठाला दूरस्थ पद्धतीने चालवायची मान्यता आहे, याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. मानसशास्त्रासारखे काही विषय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ पद्धतीने चालवायला आयोगाने मनाई केली आहे. तरी त्यांच्या चौकशा थांबत नाहीत. यादीची छापील प्रत प्रत्येक अभ्यासकेंद्राच्या भिंतीवर हवी.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्याखाली येणाऱ्या प्रत्येक विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ ठेवले आहे. परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या बैठकीत तारखा ठरतात तेव्हा त्या मंडळाचा एक माणूस समोर बसलेला हवा, ज्याला काढणी कधी असते आणि तिसरी पाळी कधी सुटते ते ठाऊक आहे.

शेवटी जे आम्हाला खरोखर हातात हवे आहे ते सांगतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत : संपर्कसत्रांच्या सगळ्या तारखा आणि वेळा. प्रत्येक गृहपाठाची शेवटची तारीख. प्रात्यक्षिकांचा आठवडा. परीक्षा कोणत्या दोन आठवड्यांत होणार आणि केंद्र कोणत्या गावी. पुनर्परीक्षेचा महिना. तारीख बदलावी लागलीच तर किती दिवस आधी कळवू आणि कुठे कळवू. खाली केंद्राचा शिक्का, म्हणजे तेच पान रजेच्या अर्जाला जोडता येईल. घराघरात भिंतीवर कॅलेंडर असते. त्याच्या चौकोनांत दुधाचे लिटर, गॅस लावल्याची तारीख, मुलांच्या चाचण्या, बचतगटाचा हप्ता पेन्सिलीने लिहिलेला असतो. आपल्या तारखा त्या चौकोनांत जूनमध्ये लिहिता आल्या पाहिजेत. येत्या जूनचे पान छापायला घेतले की एक प्रत आम्हाला आधी पाठवा. गावागावांत ती पोचवायचे काम आमचे.

कळावे.

आपले,
अभ्यासकेंद्रांवरील काही समंत्रक, केंद्रसहायक व कार्यालयीन कर्मचारी